पुण्याच्या भिंतीवरचा समुद्र

पुण्याला समुद्र नाही. मुठेला पूर आला म्हणजे लकडी पुलाच्या कठड्याशी उभे राहून पाणी पाहायचे आणि तेवढ्यावर समाधान मानायचे, ही आमची जलक्रीडा. असे असूनही कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या जुन्या बिऱ्हाडांत जरा डोकावून पाहा. बैठकीच्या भिंतीवर, नाहीतर कपाटाच्या तळाशी काळ्या कागदांच्या आल्बमात, समुद्र बहुधा सापडतोच. पुढे माणसांची एक रांग, सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. पायांशी एखादे कुत्रे. मागे वाळूवर कलंडलेली होडी, आणि त्याहून मागे एक पांढुरका पट्टा. तो पट्टा म्हणजे अरबी समुद्र.

असल्या फोटोंना इतिहासाचे साधन कुणी मानीत नाही. बखरी, कैफियती, मोडी दफ्तरे ही साधने. मे महिन्याच्या सुट्टीतला फोटो ही घरगुती करमणूक. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे साधन आणि करमणूक यांच्यामधली भिंत माझ्या घरी पहिल्यापासूनच कच्ची आहे. म्हणून हा उद्योग. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला हरकत नाही. फक्त तेलकट बोटे आल्बमाला लावू नयेत.

पुण्याच्या भिंतीवर समुद्र यावा यात खरे तर नवल नाही. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे. नाना फडणविसांचे मूळ गाव वेळास. महर्षी कर्वे यांचे बालपण मुरुडला गेले आणि फर्ग्युसन कॉलेजचे रँग्लर परांजपे मुर्डीचे. ही दोन्ही गावे दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या अंगाखांद्यावरची. शिकायला, नोकरीला, पोटाला म्हणून माणसे घाट चढून वर आली. नारळ, कोकम आणि हेल काढून बोलणे ही त्यांची शिदोरी. वर आल्यावर मात्र त्यांनी समुद्राशी काय व्यवहार केला, हे सांगताना वर्गातसुद्धा माझा आवाज थोडा खाली येतो. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. पुढच्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी बेबंद झाला होता, तो पेशव्यांना जुमानीत नव्हता, हे सगळे खरे. तरी श्रीवर्धनच्या घराण्याने आपल्याच किनाऱ्याचे आरमार परक्याच्या मदतीने मोडावे, ही गोष्ट मला आजवर गिळता आलेली नाही. डॉमिनिक सेरेस नावाच्या विलायती चित्रकाराने ती लढाई पुढे रंगवली. आपल्याकडच्या कुणी रंगवली असती, तर तिच्यात धूर कमी आणि माणसे अधिक दिसली असती असे आपले मला वाटते.

फोटोची कला जगाला कळली १८३९ मध्ये. म्हणजे विजयदुर्गाच्या त्या आगीनंतर ८३ वर्षांनी. कान्होजींच्या काळातली एकही गुराब कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. कॅमेरा किनाऱ्यावर पोचला तेव्हा तिथे उरली होती ती लढाई विसरलेली, मीठ-नारळ-कौले वाहणारी गलबते, कोळ्यांचे मचवे आणि माणसांना काठावर आणून सोडणारे पडाव. ही चिल्लर आपल्या वाट्याला आली. पण तीही पुढे किती वेगाने जाणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या देशी सभासदांपैकी. हरिश्चंद्र चिंतामण हे दुसरे नाव. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यात ते शिकले. त्या काळी फोटो काढणे म्हणजे अर्धा स्वयंपाक आणि अर्धे रसायनशास्त्र. काचेला कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. मुंबईच्या घरात हे ठीक. पण वैशाखात पुळणीवर हा संसार मांडून पाहा. उन्हाने काच वाळते, वाऱ्याने वाळूचे कण थरावर चिकटतात, आणि तंबूत माणसाचीच भट्टी होते. एवढे करून काच काही क्षण उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्या वेळात समुद्र काही थांबत नाही. लाटा एकमेकींत मिसळून त्यांचे धुके होई. नांगरलेल्या होडीची डोलकाठी डुलून एकीच्या दोन होत. माणसांच्या मानेला मागून लोखंडी आधार लावून त्यांना गप्प करता येई; कुत्र्याला तो लावणार कोण? त्यामुळे जुन्या चित्रांत कुत्रा असलाच तर पुष्कळदा तो एक राखाडी फराटा असतो. धड स्वच्छ, शेपूट गायब. शेपूट गायब असेल तर ते हलत होते, म्हणजे कुत्रा खुशीत होता, एवढा निष्कर्ष बिनधोक काढावा.

पुढे कोरड्या काचा आल्या आणि क्षणाच्या लहानशा तुकड्यात फोटो निघू लागला. मग लाट लाटेसारखी दिसू लागली. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईचे फोटोग्राफर. त्यांनी तर हलते चित्रच विलायतेहून मागवले. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि १९०१ च्या अखेरीस परत आले, तेव्हा चौपाटीवर झालेला त्यांचा सत्कार सावेदादांनी फितीवर घेतला. कोकणातला मुलगा, पुण्याचा होणारा प्रिन्सिपॉल, मुंबईचा किनारा आणि मराठी माणसाचा कॅमेरा! आपल्या बातमीपटांची सुरुवात याहून शोभिवंत काय व्हायची? त्याच सुमारास, १९०० साली, कोडॅक कंपनीने अमेरिकेत एक डॉलरला ब्राउनी नावाचा खोकेवजा कॅमेरा काढला. खोक्याला फिरकी, फिरकीला गुंडाळी; कलोडियन नको, तंबू नको. असली खोकी हळूहळू आपल्याकडेही आली आणि कुलकर्ण्या-जोश्यांच्या हातात कॅमेरा पडला.

कुत्र्याचे थोडे आणखी सांगायचे आहे, कारण इतिहासात त्याची बाजू मांडायला वकील नसतो. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी घातली. कॅम्प दापोली हे नाव अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. साहेबाच्या फोटोत कुत्र्याची जागा ठरलेली असे. साहेब खुर्चीवर, बंदूक मांडीवर, कुत्रा बुटांशी. आमच्या मंडळींच्या स्टुडिओतल्या फोटोत पडद्यावर रंगवलेला जिना असे, शेजारी तिवईवर फुलदाणी असे, कुत्रा नसे. कुत्रा उंबऱ्याबाहेरचा. आपल्याला त्याची कदर नव्हती असे मात्र नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याला जहागीर आणि पालखी मिळाल्याची कथा प्रसिद्धच आहे. संगम माहुलीला त्याची दगडी समाधी दाखवतात. उलट मुंबईत कंपनी सरकार उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढी, आणि १८३२ च्या जूनमध्ये तिची मुदत वाढवल्यावर पारशी मंडळींनी दुकाने बंद करून असा दंगा केला की फौज बोलवावी लागली.

किनाऱ्यावरच्या कुत्र्याची जात या दोन्हींहून निराळी. तो कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. वर्षानुवर्षे बैलगाड्या थेट पाण्यात जाऊन होड्यांतली मासळी उतरवून आणीत. त्या गाड्यांच्या मागे ओलेत्या अंगाने येणारी कुत्री ज्याने पाहिली, त्याला लिलावाची वेळ घड्याळात पाहावी लागत नाही. आणि याच कुत्र्याचे दुसरे रूप नाना फडणविसांच्या वेळासला दिसते. तिथल्या वाळूत समुद्री कासवे रात्री येऊन अंडी घालतात. ती उकरून खाणाऱ्यांत कोल्हा आहे तसाच कुत्राही आहे, आणि एके काळी माणूसही होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणात नेऊन ठेवायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी घरे उघडली, आणि उन्हाळा सुरू होताना पुण्याची मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून तिथे लोटतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते, म्हणून फ्लॅश मारू नका असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. माझ्या वर्गातली मुले तिथले फोटो दाखवतात, त्यांत कुंपणाबाहेर बसलेला एखादा कुत्रा असतो. मुले त्याला खलनायक म्हणतात. असेल बुवा, पण पुळणीवर तो आपल्या सगळ्या पाहुण्यांच्या आधीपासून आहे.

आता हे फोटो सगळे उन्हाळ्यातलेच का? कारण शाळा आणि कोर्टे तेव्हाच बंद असत, हे एक. दुसरे कारण आगबोटीचे. पुण्याहून रेल्वेने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत खाली. घाटातून बैलगाडीने, पुढे एस. टी.नेही माणसे जात; पण पेट्या, वळकट्या आणि चार मुले घेऊन जाणाऱ्याला बोट सोयीची. ही बोट मेअखेरीस बंद होई ती ऑगस्ट सरेपर्यंत. म्हणजे आंबा पिकल्यानंतर आणि पाऊस फुटण्यापूर्वी, एवढ्या फटीत पुणेकराने समुद्र पाहून घ्यायचा. त्याच दिवसांत कोळी होड्या वर ओढून घेत, त्यांना माशाचे तेल चोपडीत, झापांनी शाकारून ठेवीत. आमच्या फोटोंत होड्या अशा निवांत वाळूवर पडलेल्या दिसतात, त्याचे कारण हे. त्यांचीही सुट्टी लागत असे म्हणा ना.

या आगबोटींवर लोकांनी प्रेम केले आणि त्यांची भीतीही बाळगली. स्वदेशीच्या भरात इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. एखाद्या कंपनीला इतके घरगुती नाव दुसरीकडे कुठे मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. खाडीपलीकडच्या जवळच्या फेऱ्या पावसाळ्यातही चालत, तिथे हे घडले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी माल पाण्यात फेकून बुडणारी माणसे मचव्यांत ओढून घेतली, असे त्या हकिकतींत सांगतात. पुढे चौगुल्यांच्या 'रोहिणी' आणि 'चंपावती' आल्या, मग 'कोकण सेवक' आली. १९८० नंतरच्या दशकात तीही वाहतूक संपली, आणि रस्त्याने पुण्याहून हर्णैला एका दिवसात पोचणाऱ्यांना आगबोट ही गोष्टीतली वस्तू झाली.

माझ्या घरच्या आल्बमात मे १९५८ चे आठ फोटो आहेत. आठच, कारण आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर आठच निघत. पहिले सात नातलगांत वाटले गेले आहेत: आंब्याखाली, विहिरीवर, अंगणात. आठवा परतीच्या दिवशी हर्णैच्या पुळणीवर, आगबोटीची वाट पाहताना काढलेला. आजी, आजीची बहीण, माझे वडील आणि त्यांची तीन भावंडे, शेजारी पत्र्याची ट्रंक आणि फणस. मध्यभागी, सगळ्यांच्या पायांशी, काळ्या कानांचा एक कुत्रा. उजव्या कडेला, अर्धा कापला गेलेला, एक पडाव. त्यात उभा राहून वल्हे सावरणारा एक माणूस, कॅमेऱ्याकडे पाठ केलेला. फोटोमागे आजोबांच्या वळणदार अक्षरात: 'हर्णै बंदर, मे १९५८. डावीकडून' आणि मग क्रमाने सगळी नावे, शेवटी 'व मोती'. पडावाचा आणि त्यातल्या माणसाचा उल्लेख नाही.

या फोटोपुढे मी भिंग घेऊन पुष्कळ बसलो आहे. बॉक्स कॅमेऱ्याचा नियम असा, की सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. समुद्र पश्चिमेला आणि तो माणसांच्या मागे आहे, अर्थात फोटो सकाळचा. वाळूवर पुढे आलेली लांबट सावली आजोबांची. सबंध आल्बमात त्यांचे दर्शन एवढेच. क्षितिजाजवळ चार शिडे आहेत. त्यांच्या डोलकाठ्या नाळेकडे झुकलेल्या, आणि शिडे फुगली आहेत ती समुद्राच्या दिशेने. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा त्यांनी धरला आहे; दुपारनंतर खारा वारा फिरला की त्याच्यावर परत येतील. पंचांग, घड्याळ आणि वाऱ्याचे वेळापत्रक एका टीचभर कागदात आहे. त्यानंतरच्या वर्षांत मचव्यांना इंजिने बसू लागली आणि वाऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही.

काही वर्षांपूर्वी हा फोटो घेऊन मी हर्णैला गेलो होतो. मला शिडांची नावे हवी होती. बंदराजवळ जाळे विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे लोकांनी बोट दाखवले. तांडेलाने चष्मा पुसला, फोटो हातात घेतला, आणि पहिल्यांदा काय केले तर आमच्या सबंध कुटुंबावर पंजा ठेवला. उरला तेवढा कोपरा डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो पडाव आमचा," तो म्हणाला. "नि ह्यो बापूस."

मी म्हटले, "तांडेल, तोंड तर दिसतच नाही."

"मास्तर, मी पोरपणी मागं बसून सुकाणू धरायचो. मला बापसाचं तोंड कुठं दिसायचं? पाठच दिसायची." मग बराच वेळ तो काही बोलला नाही. वडिलांचा दुसरा फोटो घरात नव्हता. पडाव किती माणसे घेई, खोल पाण्यात नांगर टाकून आगबोट भोंगा कसा वाजवी, उधाणात बायामाणसांना शिडीवर कसे चढवीत, हे त्याने नंतर सांगितले. शेवटी त्याचा पंजा बाजूला झाला आणि त्याला कुत्रा दिसला. तो एकदम हसला.

"अरे, ह्यो तर सारंग!"

मी फोटो उलटा करून 'व मोती' दाखवले. त्याने ते वाचले आणि मान हलवली. मोती कोण? हा सारंग. पडाव निघाला की हा मागून पोहत यायचा, दमला की बापूस त्याला मानगुटीला धरून वर घ्यायचा, आणि परत येताना हा नाळेवर असा उभा की जणू बोट ह्यानेच वल्हवली. पाहुण्यांची पोरे त्याला दर उन्हाळ्यात नवे नाव ठेवीत. तो सगळ्या नावांना शेपूट हलवी, कारण पाहुण्यांकडे पोहे असत.

आमच्या घरात मोती हा आजीच्या माहेरचा इमानी कुत्रा म्हणून साठ वर्षे सांगितला गेला होता. घरी येऊन मी ही हकिकत वडिलांना सांगितली. ते फोटोकडे पाहत म्हणाले, "पोहे मात्र मीच देत होतो."

तांडेलाला पडावाचा कोपरा मोठा करून पाठवायचे मी कबूल केले होते. पुण्याच्या फोटोवाल्याने संगणकावर तो कोपरा वेगळा काढून दिला, पाठही बरी उमटली. तो मी पाठवला. आठ दिवसांनी तांडेलाच्या नातवाचा फोन आला: आजोबा म्हणतात, यात सारंग नाही. आता कुत्रा फोटोच्या मध्यावर आणि पडाव कडेला. दोघांना एकत्र घ्यायचे तर मधली माणसे वगळता येईनात. शेवटी फोटोवाल्याने उजवा अर्धा भाग जसाच्या तसा छापला. हर्णैला तांडेलाच्या ओटीवर तो काचेत लावलेला आहे: पडाव, वडिलांची पाठ, सारंग, एक फणस, माझी आजी आणि तिची बहीण.